सकाळचं माप

गल्लीत तिला सगळे कवळीवाल्या काकू म्हणत. तिच्या तोंडातले दात मात्र स्वतःचे आणि शाबूत होते. कवळ्या करायचा तो नवरा. खाली रस्त्याला लागून एक लांबट खोली होती, तिथे कारखाना, आणि वर दोन खोल्यांत संसार. शहरातले चार-सहा दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे साचे पाठवत. साच्यात प्लास्टर ओतायचं, त्यावर मेणाची हिरडी घडवायची, हिरडीत एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून शिजवायचं आणि घासायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण मेणावर चाकूचं टोक केसभर सरकलं, की कुणीतरी म्हातारा महिनाभर जेवताना डोळ्यांतून पाणी काढतो. त्या कामाला हात स्थिर लागतो.

आणि नवऱ्याचा हात सकाळी थरथरायचा.

रात्री प्यायचा म्हणून थरथरायचा, दुसरं काय. पण पिणं असं, की जिन्याखालच्या कोपऱ्यात स्टूल घेऊन बसायचं, रेडिओ हळू लावायचा आणि संपलं की मुकाट्याने वर येऊन झोपायचं. कधी भांडं आपटलं नाही, कधी आवाज चढवला नाही. अशा दारुड्याचं वाईट हे, की त्याच्यावर धड चिडताही येत नाही. शेजारणी म्हणत, तुझा नवरा म्हणजे गाय. काकू हसायची. गायीला सकाळी काय घालावं लागतं ते शेजारणींना ठाऊक नव्हतं.

ते सुरू झालं मुलीच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षी. मुलगी परगावी वसतिगृहात, फी भरायची होती आणि एका डॉक्टरला दुपारच्या आत वरची-खालची जोडी हवी होती. नवरा चाकू धरून बसला होता आणि चाकू हातात नाचत होता. खाली मान घालून तो म्हणाला, "एक घोट घेतला ना, की थांबेल." काकूने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर मेणासारखा वितळला असता. मग घड्याळाकडे पाहिलं. जिन्याखालून बाटली आणली. हाताशी प्लास्टरचं पाणी मोजायचा रेघांचा पेला होता, त्यात दुसऱ्या रेघेपर्यंत ओतली आणि त्याच्यासमोर ठेवली. चहा होईपर्यंत त्याचा हात थांबला, कुणी पंख्याचं बटण बंद करावं तसा. त्या दिवशीची हिरडी लोण्यातून काढल्यासारखी झाली. डॉक्टरने फोन करून कौतुक केलं. फी वेळेवर गेली.

मग ते रोजचंच झालं. बाटली तिच्या ताब्यात, पेला तिच्या हातात. आपण त्याला मापात ठेवलंय, असं ती स्वतःला सांगायची. काही वर्षांत दुसऱ्या रेघेची चौथी रेघ झाली, तरी मापातच. आणि रविवारी नाही. रविवारी कारखाना बंद. "आज कुठलं काम अडलंय?" ती म्हणायची आणि पेला फडताळात तसाच राहायचा. रविवारभर नवरा पांघरुणात अंग आवळून पडून असायचा, घामाने उशी ओली व्हायची. कुणी विचारलं तर ती सांगायची, "आराम करतायत. आठवडाभर मान मोडून काम असतं."

काम लांबलं की डॉक्टरांना सांगायचं कारणही ठरलेलं होतं: पाठ धरली. कवळीवाल्यांची पाठ इतक्यांदा धरली, की एका भल्या डॉक्टरने कमरेचा पट्टा पाठवून दिला. तो अजून खिळ्याला लटकतोय.

अशा घरात ताई आल्या.

ताई म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. एकटा जीव. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होत्या आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचा आवाज मागच्या सीटपर्यंत पोचायचा. बसमध्ये उभं राहून गुडघा गेला होता. तो बदलून घ्यायचा, त्यासाठी पैसे साठवले होते, आणि ऑपरेशन होईतो भावाकडे राहायचं, असा बेत. त्यांच्या तोंडात भावाने केलेली कवळी होती, त्याच्या हाताने झालेली सगळ्यात सुरेख. ताईंची एक खोड सगळ्या घराला माहीत होती. त्या भांडायला उभ्या राहिल्या, की आधी कवळी काढून मुठीत धरत. "दात तोंडात असले की मी सभ्य बोलते," असं त्यांचंच म्हणणं.

ताई आल्या आणि काकूची पंचाईत झाली. पेला आता प्लास्टरच्या पोत्यामागे गेला. ताई अंघोळीला शिरल्या की भरायचा आणि पाण्याचा आवाज थांबायच्या आत रिकामा करून घ्यायचा. सहा दिवस निभावलं. सातव्या दिवशी रविवार आला.

ताईंनी भावाच्या अंगावरचं पांघरूण उचललं.

"हे पाठीचं दुखणं आहे होय?"

"ताई, त्यांना झोपू द्या जरा," काकू म्हणाली.

"झोपलाय कुठे तो? दात वाजतायत त्याचे. माझे काढून ठेवता येतात, त्याचे नाही येत." मग भावाला म्हणाल्या, "किती पितोस रे?"

"थोडी. रात्रीची," पांघरुणातून आवाज आला.

"बसमध्ये असे खूप चढायचे. थोडीच घेतलीय म्हणायचे आणि उतरायच्या जागी सीटवरून खाली घरंगळायचे." ताई काकूकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आणि तू एवढी वर्षं एकटी सोसत आलीस. आम्हाला कळू दिलं नाहीस. खरंच, तुझ्या जागी मी असते तर याला स्टॉप येण्याआधीच उतरवला असता."

काकूने मान खाली घातली. ताईंना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी दारू सोडवणाऱ्या केंद्रांचा शोध सुरू केला. आधी काकूला घेऊन गेल्या त्या जाहिरातीत हिरवळ आणि कारंजं दाखवणाऱ्या केंद्रात. हिरवळ खरी निघाली, कारंजं बंद होतं. गार ऑफिसात अत्तराचा घमघमाट आणि टेबलामागे एक गोड बोलणारे व्यवस्थापक. त्यांनी पेशंटचं वय विचारलं नाही, काय पितो विचारलं नाही. विचारलं एवढंच, की घर स्वतःचं आहे का भाड्याचं.

"आमच्याकडे तीन पॅकेजं आहेत, मॅडम. साधं, विशेष आणि खात्रीचं."

"म्हणजे साध्यात खात्री नाही?" ताईंनी विचारलं.

"तसं नव्हे. पण माणसाच्या जिवापुढे पैशाचं काय, नाही का? आज निम्मे भरलेत तर उद्या आमची गाडी येऊन घेऊन जाईल. त्यांना सांगायचीही गरज नाही. आमची मुलं उचलून आणतात."

ताईंनी कवळी काढून मुठीत घेतली. पुढचं काय बोलल्या ते दातांशिवाय नीट कळलं नाही, पण बाहेर बसलेल्या दोन कुटुंबांनी आपापल्या पिशव्या उचलल्या. काकूच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. हा माणूस काही विचारत नाही, हे तिला बरं वाटलं होतं. पैसे घ्यावेत आणि काही विचारू नये, अशी जागा तिला हवी होती. ते ध्यानात आलं तेव्हा परतीच्या बसमध्ये तिला कुणी बसायला जागा दिली, तर ती बसली नाही.

शेवटी एका दातांच्या डॉक्टरनेच रस्ता दाखवला. सरकारी दवाखान्यात व्यसनाचा वेगळा वॉर्ड होता. तिथे आधी काही दिवस अंगातली दारू औषधं देऊन उतरवायची, त्याचा खर्च किरकोळ. नंतर महिनाभर त्यांनीच सुचवलेल्या संस्थेत राहायचं, तिथे पैसे लागणार, पण घर विकावं लागेल इतके नाहीत. नवरा जायला तयार झाला. दोन बायकांपुढे त्याचं काय चालणार, असं तो म्हणाला. पण रात्री अंधारात काकूला म्हणाला, "बरंच होईल गं. मीही कंटाळलोय."

दाखल व्हायच्या दिवशी सकाळी काकूने पेला भरला. चौथ्या रेघेच्याही वर. दवाखान्यात थरथरायला नको, ताईंसमोर शोभा नको, एवढाच विचार. तोंडाला वास नको म्हणून डॉक्टरांकडून आलेल्या नमुन्यांतली गुळण्यांची बाटली काढली आणि त्याला तीन-तीनदा चुळा भरायला लावल्या. दातांच्या धंद्यातल्या बाईलाच हे सुचणार. नवरा पुदिन्यासारखा घमघमत, हात स्थिर, भांग पाडून दवाखान्यात गेला.

डॉक्टर तरुण मुलगी होती, थकलेली, पण कान देऊन ऐकणारी.

"दिवसातली पहिली कधी घेतात? सकाळी उठल्यावर लागते का? हे नीट सांगा हं, औषधाचा डोस त्यावर ठरतो."

ताई शेजारच्या खुर्चीवर, गुडघा लांब करून, कान टवकारून बसल्या होत्या. काकूने पदर सारखा केला.

"नाही हो," ती म्हणाली. "सकाळी कसली? संध्याकाळीच, जेवणाआधी. दोन पेग."

डॉक्टरने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने बायकोकडे पाहिलं.

"ती म्हणते तसंच," तो म्हणाला. "तिला सगळं माहीत असतं."

डॉक्टरने हात पुढे करायला सांगितले. हात गपगार. तिने डोस लिहिला. बाहेर आल्यावर ताईंनी काकूच्या पाठीवरून हात फिरवला. "माझ्या भावाने एक गोष्ट आयुष्यात बरी केली, तुला आणलं." काकूला तो हात पाठीवर तापलेल्या चाकूसारखा लागला. आज बोलायला हवं होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी धुतलेले कपडे घेऊन वॉर्डात गेल्या. नवरा खाटेवर उठून बसला होता आणि चादरीवर काहीतरी करत होता. जवळ गेल्यावर दिसलं. तो चिमटीत हवा धरून चादरीच्या घडीवर एकेक दात बसवत होता. बसवायचा, डोळा बारीक करून बघायचा, पुन्हा काढायचा.

"वरचा डावा कुठे गेला?" तो कुणालाच न बघता म्हणाला. "डॉक्टर खोळंबलेत. अगं, पेला दे ना. आज काय रविवार आहे?"

"कसला पेला?" ताईंनी विचारलं.

काकू उत्तर देणार तोच त्याची मान मागे गेली, डोळे वर फिरले आणि सगळं अंग खाटेवर आपटायला लागलं. लोखंडी खाट भिंतीवर धडकू लागली. नर्स धावल्या, कुणीतरी पडदा ओढला, दोघींना बाहेर काढलं.

व्हरांड्यात बाकं होती, पण दोघीही उभ्याच राहिल्या. पडद्याआडून डॉक्टरचा आवाज आला, "दोन पेगवाल्या पेशंटला एवढं? काहीतरी चुकतंय. नातेवाईक कुठेत?"

गप्प राहिलं तर चालणार नव्हतं, हे आता मूर्खालाही कळलं असतं. आणि काकू मूर्ख नव्हती, तीच तर अडचण.

"ताई," ती म्हणाली, "सकाळची मी देत होते."

"काय देत होतीस?"

"दारू. रोज सकाळी. हात थांबावा म्हणून. कामासाठी. तुम्ही अंघोळीला गेलात की प्लास्टरच्या पोत्यामागे. काल इथे येतानाही दिली. जरा जास्तच."

ताईंनी कवळी काढली. काकू थांबली, आता काय बोलतील ते झेलायला. ताईंची मूठ सुटली आणि कवळी फरशीवर पडून मधोमध दुभंगली. दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

"आणि रविवारी?" ताईंनी विचारलं.

"रविवारी कारखाना बंद असतो."

एवढं बोलल्यावर काकूला आपलंच वाक्य ऐकू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कामाच्या दिवशी द्यायची आणि सुट्टीच्या दिवशी तडफडू द्यायचं. असं बैलाशीही कुणी वागत नाही. बैलाला सुट्टीच्या दिवशीही वैरण मिळते.

"कशात द्यायचीस?" दात नसल्याने ताईंचे शब्द फुसफुसत होते.

"पेल्यात. प्लास्टरच्या पाण्याच्या."

"त्याला रेघा असतात ना?"

"असतात."

"मग इथे काय उभी राहिलीस? आत जा. किती रेघा ते तिला सांग. आणि या खेपेला मी नाही असं समजून सांग."

काकू आत गेली. मापासकट सगळं सांगितलं: सकाळची रेघ, रात्रीची बाटली, रविवार, गुळण्या. डॉक्टर लिहीत गेली. एकदाच वर पाहून म्हणाली, "हे काल सांगितलं असतंत तर—" आणि वाक्य तिथेच सोडून ती इंजेक्शनकडे वळली. तिने वाक्य पुरं केलं असतं तर काकूला सोपं गेलं असतं. शिव्या खाऊन माणूस थोडा तरी मोकळा होतो.

नवरा वाचला. तीन दिवस हवेत दात बसवत होता, चौथ्या दिवशी त्याने बायकोला ओळखलं. तिने विचारलं, "तुम्ही तरी खरं का नाही सांगितलंत?"

"तू नाही म्हणालीस," तो म्हणाला. "मग मी हो कसं म्हणू? चारचौघांत बायकोला खोटं पाडायचं?"

गाय, शेजारणी म्हणायच्या ते काही खोटं नव्हतं.

मग पुढच्या महिन्याचे पैसे भरायची वेळ आली. काकू पॉलिशचं मशीन विकायला निघाली. गिऱ्हाईकही बघून ठेवलं. ताईंनी गिऱ्हाईक परत पाठवलं आणि गुडघ्यासाठी ठेवलेले पैसे संस्थेत जाऊन स्वतः भरले.

"ताई, नका. तुमचा गुडघा..."

"मशीन विकून तो परत येऊन काय करणार, माश्या मारणार? गुडघा माझा आहे. कुठे टेकायचा ते मी ठरवीन." एवढं बोलून त्या गप्प झाल्या, ते महिनाभर. तसं बोलायच्या, मीठ दे, दार लाव, दूध उतू जातंय. पण आवाज मागच्या सीटपर्यंत जाईना. निघूनही गेल्या नाहीत. रोज जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरायच्या आणि दर पायरीला काकू खालच्या खोलीत डोळे मिटून घ्यायची. मोडलेली कवळी रुमालात बांधून ठेवली होती. काकू म्हणाली, दुसऱ्या कारागिराकडून सांधून आणते. ताईंनी नुसती नकाराची मान हलवली. महिनाभर मऊ भात आणि भिजवलेला पाव खाल्ला.

काकूने दातांच्या डॉक्टरांना एकेक करून फोन केले. "पाठ नव्हती हो. दारू होती. आता उपचार चालू आहेत. पुढे काम जमेल का, किती जमेल, सांगता येत नाही." दोघांनी तिथेच काम काढून घेतलं. एकाने म्हटलं, बघू. पट्टा पाठवणारा म्हणाला, "मला वाटलंच होतं, वहिनी." हे तिला सगळ्यात लागलं. वाटलं होतं तर पट्टा कशाला पाठवलात, असं ओठावर आलं. पण ती विचारणार कोणत्या तोंडाने?

नवरा घरी आला तो वाळलेला, डोळे स्वच्छ आणि थोडा लाजरा. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात येऊन बसला. हात कापत होते, पूर्वीइतके नाहीत, पण कापत होते. "कमी होईल म्हणालेत," तो म्हणाला. "पूर्ण जाईलच असं नाही." ताई हळूहळू उतरून आल्या आणि त्याच्यासमोर रुमाल सोडला.

त्याने दोन्ही तुकडे उजेडात धरून पाहिले. "ही मीच केली होती, नाही? छान केली होती." तुकडे मेणाने जोडणं त्याला चौथ्या खेपेला जमलं. मग म्हणाला, "आता आतून प्लास्टर भरतो. अगं, पाण्याला पेला दे."

काकू जागची हलली नाही.

"मापाचा पेला गं. रेघांचा."

"टाकला," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग ताईंकडे, मग पुन्हा हातातल्या कामाकडे. "मग वरचा ग्लास आण. अंदाजाने घालू."

अंदाज चुकला. प्लास्टर पातळ झालं, तुकडे किंचित सरकले. संध्याकाळपर्यंत तो खपला, मध्ये दोनदा बाहेर जाऊन दारात उभा राहिला आणि परत आला. कवळी सांधली गेली, पण मधला एक दात शेजाऱ्याच्या पुढे आला आणि आतून सांध्याचा उंचवटा राहिला. ताईंनी ती तोंडात बसवली, जीभ फिरवली, दोन-तीनदा दात वाजवून पाहिले.

"टोचतंय," त्या म्हणाल्या.

"घासायला हवं," नवरा म्हणाला आणि त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. मशीनच्या फिरत्या चाकाशी कापत्या हाताने जाणं बरं नव्हतं. "आज नको. उद्या बघू."

"मी घासते," काकू म्हणाली. एवढी वर्षं तिने चाकासमोर बसलेल्या नवऱ्याला पाहिलं होतं, पण चाकाला हात कधी लावला नव्हता. "ताई, द्या इकडे."

ताई तिच्याकडे बघत राहिल्या. महिनाभरात पहिल्यांदाच सरळ, तोंडावर. मग त्यांनी तोंडात बोटं घातली, कवळी काढली, पदराला पुसली आणि काकूच्या हातात ठेवली. खुर्ची ओढून मशीनशेजारी बसल्या, गुडघा लांब केला.

"जपून," त्या फुसफुसल्या. "थोडंच घास. आणि मधे मधे मला लावून बघू दे."